आईची झोप कुणासाठी

हल्ली कुणी ‘नॅचरल आहे’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. तेल नॅचरल, साबण नॅचरल, आणि गेल्या उन्हाळ्यात तर माझ्या आईची झोपही नॅचरल झाली. ती कशी झाली, ते सांगते.

वडील कन्नडला एसटीत ड्रायव्हर होते. पहाटेची पहिली गाडी बहुतेक त्यांच्याकडेच असायची. त्यांचा डबा तयार हवा म्हणून आई चारला उठायची. वडील निवृत्त झाले, पुढे वारले, कन्नडचं घर विकून आई माझ्या धाकट्या भावाकडे शहरात, चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तरी तिचा डोळा चारलाच उघडत राहिला. गजर तिला कधी लागला नाही. ‘कोंबड्याला मीच उठवते,’ म्हणायची, आणि त्यात तिला केवढा तोरा होता!

कन्नडला चारला उठणारी बाई कामसू म्हणवली जाते. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिचा त्रास होतो. आई अंघोळ करून ओटा पुसायची, चहा ठेवायची आणि उजाडायच्या आत ज्वारीच्या भाकरी थापायला घ्यायची. परातीत भाकरी थापल्याचा आवाज बंद फ्लॅटमध्ये किती घुमतो, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. भाऊ शेंद्र्याला कारखान्यात सुपरवायझर, भावजय बँकेत. दोघांनाही सकाळची झोप हवी. मान्य. मी काही दगडाची नाही. पण ‘आई, सातपर्यंत थांबत जा,’ एवढं तोंडानं बोलायला काय पैसे पडत होते?

एक दिवस आईचा फोन आला. आवाज जड होता. ‘एकदा येऊन जा बाई. बोलायचंय. फोनवर नको.’

मी त्याच शहरात, गारखेड्याला राहते, पण शाळेची नोकरी, त्यामुळे रविवारीच जाणं जमलं. सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी आई पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. केस विंचरलेले नव्हते. दहा वाजता आईचे केस न विंचरलेले मी जन्मात पाहिले नव्हते. तिनं मला दार लोटायला सांगितलं, कपाटातून एक गाठोडं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आत तिच्या पाटल्या होत्या आणि एक कोरं लुगडं.

‘पाटल्या तुला. लुगडं मला नेसवायचं. खालच्या इस्त्रीवाल्याकडून इस्त्री करून आणलंय, ऐन वेळी शोधाशोध नको.’

‘काय बोलतेस तू हे?’

‘खरं तेच बोलते. चारला डोळा उघडायचा, तो उघडतच नाय. आठ वाजतात, नऊ वाजतात. उठले तरी डोकं गरगरतं. तुझ्या आजीला शेवटच्या महिन्यात अशीच झोप यायची. ही कसली झोप हाय, मला कळतं.’

ती रडत नव्हती. किराणा सांगावा तशी सांगत होती. भडभडून मला आलं.

‘नवीन काही औषध सुरू झालंय का?’

‘नाय. बीपीची गोळी हाय, तीच. अन् रात्री जेवल्यावर सूनबाई एक विटामिनची गोळी देती. जेलीवानी, गोड. लई जीव लावती ती मला.’

स्वयंपाकघरात फ्रिजवर बाटली सापडली. जांभळी, वर झोपलेल्या चंद्राचं चित्र. व्हिटॅमिनचा कुठं पत्ता नाही. मोठ्या अक्षरात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची गोळी, आणि खाली अर्थातच ‘नॅचरल’. बाटली घेऊन मी हॉलमध्ये आले. भाऊ सोफ्यावर होता, भावजय गवार निवडत होती.

‘ताई, त्यात काही नाही हो,’ भावजय म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूणसुद्धा नव्हती. ‘नॅचरल आहे ते. आपल्या शरीरात तयार होतंच. म्हातारपणी कमी पडतं, म्हणून झोप लागत नाही.’

‘झोप लागत नाही अशी आईची तक्रार होती?’

तक्रार असेल कशी? आई नऊला झोपायची आणि चारला ताजीतवानी उठायची. तिची झोप बिघडलेलीच नव्हती. झोप बिघडत होती तुमची, मग गोळी तुम्ही खायची!

‘तिला जरा आराम मिळावा म्हणून,’ भाऊ पुटपुटला. ‘आयुष्यभर राबली ती.’

इथं माझा तोल गेला. ‘आराम? आत जाऊन बघ. तुझी आई सरणावरचं लुगडं इस्त्री करून बसलीय. तिला वाटतंय, तिची वेळ भरली.’

भावजयीच्या हातातली गवार तशीच राहिली. आईचं बीपी बघणाऱ्या डॉक्टरबाईंना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: कुणाला विचारून सुरू केलं, आणि आईंना स्वतःला सांगितलंय का. मी फोन भावाकडे दिला. त्यालाच देऊ दे म्हटलं उत्तरं. गोळी बंद करा, उद्या तपासायला आणा, या वयात आणि बीपीच्या औषधासोबत अशी गुंगी राहिली तर माणूस पडू शकतो, असं त्यांनी त्याला सुनावलं.

मी औषधाच्या विरुद्ध नाही. ज्याला झोपेचा त्रास आहे त्यानं डॉक्टरांना विचारावं आणि आपल्या हातानं आपल्या तोंडात टाकावं. दुसऱ्याच्या तोंडात व्हिटॅमिन म्हणून घालायचं, आणि तेही आपल्या सोयीसाठी, याला मी गुंगी घालणंच म्हणते. बाटलीवर काही का लिहिलेलं असेना.

भाऊ म्हणाला, ‘आता बंदच करतोय ना. तिला कशाला सांगायचं? उगाच वाईट वाटेल.’ म्हणजे पुन्हा लपवाछपवीच. मी त्याला दंडाला धरून आत नेलं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

‘म्हंजे मी मरत नाय?’ आईनं आधी हेच विचारलं.

‘नाही गं.’

तोंडाला पदर लावून ती खुदकन हसली. मग पदर खाली घेतला. ‘पण मला झोपंची गोळी कशापायी?’

भाऊ भाकरीच्या आवाजाबद्दल बोलला. आता ही त्याला फाडून खाईल, असं मला वाटलं. खावं अशी माझी फार इच्छा होती.

‘एवढंच व्हय?’ आई म्हणाली. ‘सांगायचं की रे मला.’

बाटली मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. आठवडाभरात आई सावरली आणि तिचा डोळा पुन्हा चारला उघडू लागला. भावजय मला फोनवर म्हणाली, ‘बघा ताई, गोळी बंद करूनही आई सातपर्यंत छान झोपतात.’

मला ते खरं वाटेना. मी आईलाच विचारलं.

‘झोपते कुठली,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘जागीच असते. कूस नाय बदलत, पलंग वाजतो. डोळे मिटून पडून राहायचं, बास. त्यांना वाटतं, म्हातारी झोपली.’