भासऱ्यांसमोरून धावताना

आमच्याकडे बाई रस्त्याने धावली तर दोनच कारणं धरतात. एसटी सुटली, नाहीतर कुणीतरी गेलं. त्यामुळे मी पहिल्यांदा नांदगावच्या रस्त्याने धावले तेव्हा निंदणाऱ्या बाया खुरपं टाकून उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "काहून वो, कोन गेलं?" कोणी नाही, सराव करते आहे, असं सांगितल्यावर त्यांना जास्तच काळजी वाटली.

मी बेचाळीस वर्षांची भाजीवाली. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात अकरा दिवस राहिले. पेशंटला खाट होती, त्याच्या माणसांना काहीच नव्हतं. मी जिन्याखाली सतरंजी टाकून झोपायचे आणि येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा. तो अपमान मी अजून विसरले नाही, विसरायचाही नाही. म्हणून त्याच दवाखान्यात नातेवाइकांसाठी खोल्या बांधायला पैसे जमवायचे म्हणून शर्यत ठेवल्याचं कळलं, तेव्हा मी नाव दिलं. बायांसाठी तीन किलोमीटर चालण्याचाही बेत होता, साडी नेसून, फोटोसकट. नाव लिहून घेणाऱ्याने माझ्याकडे बघून त्याचाच कागद पुढे केला. मी तो परत सरकवला आणि दहा किलोमीटर धावण्याचा मागितला. दीड तासाच्या आत पोचायचं, एवढीच अट होती.

नवरा म्हणाला, झेपत असेल तर पळ. खरी अडचण होती भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची. आमच्या घरात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. ते समोरून आले तर डोक्यावर पदर घ्यायचा, रस्त्याच्या कडेला पाठ करून उभं राहायचं आणि ते गेल्यावर पाऊल उचलायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आमच्यात एक शब्द झालेला नव्हता. त्यांना काही सांगायचं असलं की मी तिथेच असताना जावेला सांगत. यावेळीही ते जावेकडे बघूनच बोलले, "तिले सांगून दे. पँट घालून गावभर पयायचं असन, तर यंदा महालक्ष्म्यांले इकडं यायचं नाई."

महालक्ष्म्या थोरल्या घरी बसतात. सोळा भाज्यांची भाजी बावीस वर्षं मी करत आले. त्या सोळाही भाज्या आमच्या मळ्यातल्या, मी तोडलेल्या, मी निवडलेल्या. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं आणि त्यांनी बरोबर त्यावरच बोट ठेवलं. मी त्या दिवशी रडले. रडून झाल्यावर बूट घातले आणि गावाबाहेर जाऊन धावून आले.

शर्यत श्रावणातल्या एका रविवारी अमरावतीत होती. कॉलेजची पोरं, बँकेतली माणसं, रंगीत बूट, आणि त्यात सलवारीवर शर्यतीचा टी-शर्ट घातलेली मी. ओढणी मी घरीच ठेवली होती, धावताना ती गळ्यात येते. पहिले पाच किलोमीटर झकास गेले. पाटी डोक्यावर घेऊन जन्म काढलेल्या बाईला रिकाम्या डोक्याने धावणं म्हणजे सुट्टीच.

सातव्या किलोमीटरला रस्ता भाजीबाजारावरून जात होता. तिथे फाटकापाशी भासरे उभे होते. रविवारी ते माल घेऊन येतात हे मला माहीत होतं, पण ते मुद्दाम रस्त्यावर येऊन उभे राहतील असं वाटलं नव्हतं. आणि मग मी जो मूर्खपणा केला तो दुसऱ्या कुठल्या धावणाऱ्याने केला नसेल. माझे पाय आपोआप थांबले. हात डोक्याकडे गेला, तिथे पदर नव्हता. मी कडेला सरले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, ते जायची वाट बघत.

ते जाईनात. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. मागून पोरं धावत पुढे गेली, पाठोपाठ एक सत्तरीचे आजोबा गेले. एका स्वयंसेवक मुलीने येऊन विचारलं, काकू, चक्कर येते का? मला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली. जिन्याखाली मला ओलांडणारी निदान अनोळखी माणसं होती. इथे मीच मला आडवी पाडली होती.

मी वळले आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. बावीस वर्षांत त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. हाक काय मारायची तेही माहीत नव्हतं, म्हणून नवरा म्हणतो तेच म्हटलं.

"दादा, तुमी उभे राहा नाईतर जा. मी आता थांबत नाई."

ते उत्तरासाठी जावेला शोधत असावेत, कारण त्यांनी उजवीकडे-डावीकडे पाहिलं. मी तोवर निघाले होते. शेवटचे तीन किलोमीटर मी कशी धावले ते मला आठवत नाही. मी पोचले तेव्हा दीड तासाला दोन मिनिटं बाकी होती. पदक गळ्यात घालणाऱ्या बाईंच्या अंगावर मी जवळजवळ पडलेच.

महालक्ष्म्यांचं बोलावणं आलं नाही. नवरा म्हणाला, राहू दे यंदा, पुढच्या वर्षी बघू. मी राहू दिलं नाही. सोळा भाज्या पाटीत भरल्या आणि थोरल्या घरी गेले, मागच्या नव्हे, पुढच्या दाराने. भासरे ओसरीवर बसले होते. पदर माझ्या खांद्यावर होता, मी तो तिथेच राहू दिला. कडेला सरले नाही, पाठही केली नाही. पाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

मग ते उठले, आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीशी उभे राहिले. मी आत गेले आणि भाजी चिरायला बसले.