गाडीवरचे कुंकवाचे बोटं

माफ करा, मले मराठी टाइप करता येत नाही बरोबर. एकेक अक्षर शोधून राह्यली. चुकलं तं समजून घ्या.

मोठेबाबा गेले आन मी त्यायची गाडी घासून राह्यली.

आज तेरवी झाली.

मोठेबाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ, मोठी आई त्यायची बायको. वणीजवळ एकाच घरात राह्यतो आम्ही सारे.

शाळा मी नववीत सोडली तवा घरचे मले लय बोलले. मोठेबाबा काहीच नाही बोलले. हातात पाणीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासाचा कागद, देल्ला आन म्हणाले, "चाल, गाडी घासू."

त्यायची जुनी निळी व्हॅन. पेंटरकडे नाही नेली. मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरीच अंगणात रंगवली.

इकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ. म्हून मोठी आईच्या जुन्या साड्या ओल्या करून चारही बाजूनं बांधल्या. लोकं विचारे, घरी लग्न हाये काय? मोठेबाबा म्हणे, हो, आत नवरी सजून राह्यली.

रंगावर लॅकर मारला. म्हणजे चमकणारा थर. तो पक्का वाळू द्यायचा, मंग पाणीपेपरनं घासायचा, मंग पॉलिश. तोवर कोणी हात लावायचा नाही. छोट्या पोट्ट्यायले तं त्याईनं अंगणातच येऊ देल्लं नाही.

आन दसऱ्याले त्याईनंच हात लावला.

पूजेले गाडी पाहिजेच. हार घातला, नारळ फोडला, आन समोरच्या पत्र्यावर ओल्या कुंकवाचे पाच बोटं ओढले.

मी हळूच म्हटलं, मोठेबाबा, लॅकर कच्चा हाये अजून.

"देवाले कच्चं पक्कं नसते वो."

दुसऱ्या दिवशी पुसाले गेले तं निघेच ना. लाल आत शिरलं होतं.

स्वतःवरच हासले. मंग मले म्हणाले, "दिवाळी झाली की हे पाचही बोटं तू घासून काढ. डाग घेऊन माही गाडी रोडवर जाणार नाही."

तू म्हणाले.

आपण काढू, असं नाही म्हणाले.

तेच डोक्यात फिरून राह्यलं. त्यायले काही समजलं होतं का? का असंच बोलले?

दिवाळीच्या आधीच गेले. सकाळी चहा मागितला. मोठी आई चहा घेऊन आली तं मान कलली होती.

त्या दिवशी बायायनं मोठी आईचं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. मी दाराआड उभी होती.

आज जेवणं झाले, लोकं गेले. मंग आत्या, मोठेबाबाची बहीण, मले म्हणाली की ते गाडीवरचं लाल आजच काढ, आता या दारात बरं दिसत नाही.

मोठेबाबायनं पण काढच म्हटलं होतं.

म्हणजे दोघायचं म्हणणं एकच. पण मले एक नाही वाटलं. काहून, ते सांगता येत नाही.

बादलीत पाणी घेतलं. पेपर भिजवला. आधी बाजूचं घासलं, हलक्या हातानं, सरळ सरळ, गोल नाही, त्याईनं शिकवलं तसं. पांढरं पाणी आलं.

मंग पहिल्या बोटावर आली.

दोनदाच पेपर फिरवला. लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

हातच चालेना.

मोठी आई बाहेर आली. ते गेल्यापासून अंगणात पाय ठेवला नव्हता तिनं. मले वाटलं आता रागवते.

आत्या म्हणे, काढू द्या पोरीले, वहिनी.

मोठी आईनं माह्या हातातला पेपर घेतला.

"माहं पुसलं तेवढं बस झालं. गाडीचं राहू द्या."

पेपर मले परत देल्ला तिनं.

मंग समोरचा बाकीचा पत्रा मी घासला, पॉलिश मारलं. चेहरा दिसते त्याच्यात. बोटं तसेच हाये, पहिलं तेवढं फिक्कं झालं. बोटायच्या एकदम जवळ घासता आलं नाही, तिथे खडबडीत राह्यलं. कोणी जाणकारानं पाह्यलं तं म्हणन, पोट्टीले काम येत नाही.

मोठेबाबा, तुमचं ऐकलं नाही. मोठी आईचं ऐकलं.

बरोबर केलं का चुकलं, मले समजून नाही राह्यलं. आन असं काही असलं की मी तुमालेच विचारत होती.

आता कोणाले विचारू?

नमस्कार करते, मोठेबाबा. सावकाश जा.

थांबा, बाहेर सारे बोंबलून राह्यले. मागच्या तुरीत रानडुकरं शिरले म्हणते. काठ्या घेऊन पळाले सारे. बंद करते.