थांबलेला वस्तरा

रविवारी सकाळी दिलीपच्या सलूनमध्ये माझी दाढी चालू होती. मागच्या बाकावर बसलेले काका नेहमीप्रमाणे सगळ्यांसाठी मोठ्यानं पेपर वाचत होते.

"घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाचा खून."

गळ्यावरचा वस्तरा तसाच फिरत राहिला. "चालायचंच," बाकावरून कुणीतरी म्हणालं. काकांनी पुढची बातमी घेतली. कुठल्याशा गल्लीत एका कुत्रीला पिल्लांसकट विष घातलं होतं.

वस्तरा थांबला.

"असल्याला फाशीच द्यायला पाहिजे," दिलीप म्हणाला आणि अख्ख्या बाकानं मान डोलावली. माझीही डोलली असती, पण गळ्याशी पातं होतं.

समोरच्या आरशात दुकानाची पायरी दिसत होती. दिलीपनं पाळलेली कुत्री तिथं उन्हात पिल्लांना पाजत पडली होती. कायद्याच्या पुस्तकात लहानमोठे गुन्हे ठरलेले असतात. आपल्या मनात मात्र ते आपल्या पायरीवर कोण झोपलंय त्यावर ठरतात. त्या मेलेल्या भावाला तर आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

"आणि तो भाऊ?" मी विचारलं.

"कुठला भाऊ?" दिलीप म्हणाला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी हलकेच वर केली.