फक्त हात दिसतात

दर मंगळवारी पियानोच्या ऑनलाइन शिकवणीत माझे फक्त हात दिसतात, कारण फोन मी डाळीच्या डब्याला टेकवून पट्ट्यांकडे वळवते. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी काहीही वाजवलं तरी म्हणते, "छान हं, काकू!" इतकं छान कुणी वाजवतं का? ही ऐकतच नसणार, असा मला दाट संशय होता.

म्हणून आज मी माझ्या इलेक्ट्रॉनिक पियानोचा आवाज पूर्ण बंद केला आणि नुसती बोटं फिरवली.

"छान हं, काकू!"

"अगं, आवाज बंद होता!" मी चोर पकडल्यासारखी ओरडले.

"मला वाटलं, नेटमुळे आवाज गेला. आवाज तुमचा नेहमीच तुटतो, मी बोटंच बघते," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारी करंगळी फार थरथरत होती. काही झालं होतं का?"

गेल्या मंगळवारी माझा तपासणीचा रिपोर्ट आला होता. रोज समोर बसून जेवणाऱ्यांनाही मी त्याचा पत्ता लागू दिलेला नाही. चेहरा सांभाळायला माणूस जन्मभर शिकतो. हातांकडे कोण लक्ष देतं?

"काही नाही गं," म्हणत मी दोन्ही हात पदराखाली घेतले.