आवाज वगळून

माझ्या भावाला लोक ‘ब्लेड’ म्हणतात. ऐकून कुणीही दचकेल, पण त्यानं उभ्या जन्मात साधी कोंबडी कापली नाही. त्याचं ब्लेड चालतं ते गाण्यांवर. दिवसा लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेपचं मशीन मांडून जुनी डिस्को, फंक, सोल असली नाचायची गाणी कापत बसायचं, हा त्याचा पस्तीस वर्षांचा नेम. कापत म्हणजे खरोखर कापत. टेपवर पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा, नको तो भाग बाहेर काढायचा आणि हवी ती दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. असं जोडून जोडून तयार झालेल्या गाण्याला या नादातली मंडळी एडिट म्हणतात. मी त्याला उकिरडा म्हणायचे, कारण घरात झाडू माझ्या हातात होता.

हे सगळं कशासाठी, ते त्यानं मला एकदा समजावलं होतं. मूळ गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं. गाणारी गाते, लाडात येते, रडते, आणि मधेच कुठेतरी आठ-दहा सेकंद बाकीचे सगळे गप्प होतात. नुसता ड्रम आणि बास गिटार. नाचणारा त्या दहा सेकंदांसाठी जीव टाकतो.

“मग त्या दहा सेकंदांची चार मिनिटं केली तर?” दादा म्हणाला. चेहरा असा, जणू चाकाचा शोध यानंच लावला.

“आणि गाणारीचं काय?”

“ती मधे मधे येते गं.”

मी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते. आवाज खणखणीत, तोंड फटकळ. नवरा गेल्यावर दादाकडे राहायला आले, त्याला चौदा वर्षं झाली. दादानं लग्न केलंच नाही. आमचं एका बाबतीत मात्र पक्कं ठरलेलं होतं. दादा टेपचे तुकडे खिडकीतल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचा. दोरीवरचं कामाचं, त्याला मी हात लावायचा नाही. जमिनीवर पडेल तो कचरा. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी जमिनीवरचं सगळं झाडून पिशवीत भरायचे. चौदा वर्षांत यावरून एकदाही भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

दर रविवारी दुपारी आमच्या भागातल्या हॉलमध्ये ही एडिट वाजायची. नाचायला येणारी सगळी पन्नाशी-साठीची. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची बायपास झालेली, पण ड्रम सुरू झाला की कसला गुडघा आणि कसलं काय! दादा कोपऱ्यात मशीनपाशी उभा राहून नुसता लोकांचे पाय बघायचा. सांगायला हरकत नाही, तिथे मला त्याचा अभिमान वाटायचा. घरी आल्यावर मात्र मी ते कबूल करत नसे.

लाँड्रीवाल्या बाई आमच्याकडे आल्या त्या एका मंगळवारी. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडे चादरी टाकतो. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेलाय. बोलतात ते कुजबुजल्यासारखं, कान जवळ न्यावा लागतो. पिशवीतून त्यांनी टेपचं एक जुनं रीळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“मी गायचे,” त्या म्हणाल्या. “आमचा चौघांचा बँड होता. माझा नवरा बास वाजवायचा. एक गाणं रेकॉर्ड केलं, सोलच्या ढंगाचं. कंपनीनं काढलंच नाही. माझा आवाज म्हणाल तर जगात एवढाच उरलाय.”

मी तर गारच पडले. या बाईला मी कायम चादरींवरच्या डागांवरून बोलत आले होते.

“घरी ऐकत नाही का?” दादानं विचारलं.

“मशीन नाही. आणि खरं सांगू? एकटीनं ऐकायची हिंमत नाही. हॉलमध्ये लावाल? लोक नाचतायत आणि मी गातेय, असं एकदा व्हावं. एकदाच.” मग रिळावर हात ठेवून म्हणाल्या, “मात्र हे मला परत हवंय हं.”

“म्हणजे काय! जसंच्या तसं,” दादा म्हणाला. “या रविवारी लावतो. बघाच तुम्ही.”

‘लावाल?’ असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मनात त्यांचं गाणं होतं. दादाच्या मनात एडिट होतं. त्याच्या लेखी हॉलमध्ये लावायचं म्हणजे एडिटच, दुसरं काही असतं हेच त्याच्या डोक्यात येत नाही. त्या दोघांमधे मी उभी होते. माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी त्यानं टेप लावली. मी आतल्या खोलीत दार लावून टीव्ही बघत होते, रोजच्यासारखी. थोड्या वेळानं तो दार उघडून आत आला.

“अगं, तिचा नवरा! काय वाजवतो हा माणूस! अठ्ठावीस सेकंद नुसता तो आणि ड्रम. ऐक ना, ये.”

“मला नको तुझं धडाम धुडूम. दार लाव.”

दार लावून तो गेला. बुधवार, गुरुवार, दोन्ही संध्याकाळी त्यानं ते गाणं कितीदा ऐकलं असेल, देव जाणे. भिंतीपलीकडून मला फक्त बासची घरघर यायची. बाईंचा आवाज असा वेगळा कानावर आला नाही, किंवा आला असेल तर टीव्हीपुढे कळला नाही.

दादाचा एक नियम आहे. मूळ टेपला ब्लेड लावायचं नाही. आधी दुसऱ्या मशीनवर कॉपी करायची, मग कॉपी कापायची. शुक्रवारी त्या दुसऱ्या मशीनचा पट्टा तुटला. जुना माल, तसला पट्टा मिळायला महिना लागतो. ‘रविवारी लावतो’ हा शब्द देऊन बसलेला. शिवाय तो बास डोक्यात शिरलेला. त्यानं विचार केला की मूळ टेपच कापू, रविवारी वाजवू आणि सोमवारी सगळे तुकडे पुन्हा होते तसे जोडून देऊ. जोडकाम तर त्याच्या हातचा मळ. हे त्यानं मला तेव्हा सांगितलं नाही. मी झोपायला गेले तेव्हा तो टेबलावर वाकून टेपवर खुणा करत होता.

शनिवारी सकाळी तो लवकरच कुणाचं तरी मशीन दुरुस्त करायला गेला. मी उठले. दोरीवर तुकडे टांगलेले, टेबलाखाली नेहमीसारखा पसारा. “याला कधी अक्कल येणार!” असं म्हणत झाडलं, पिशवी बांधली, जाता जाता कचऱ्याच्या गाडीत टाकली. चार पावलं गेले आणि गाडी वळलीसुद्धा.

दुपारी घरी आले तर दादा जमिनीवर गुडघे टेकून बसलेला.

“इथले तुकडे?”

“टाकले. का?”

त्यानं तुटलेला पट्टा आणि बाईंचं रिकामं रीळ माझ्यापुढे धरलं. मग मलाच कळलं. वाघ मागे लागल्यासारखी मी कचऱ्याच्या गाड्यांच्या डेपोपर्यंत धावले. तिथल्या माणसानं सांगितलं की सकाळचा माल दाबून केव्हाच पुढे गेला.

परत येऊन मी दादावर तुटूनच पडले. “दुसऱ्याची एकुलती एक टेप! आणि तू ती खाली टाकतोस? जमिनीवर?”

“सवयीनं,” तो म्हणाला. “एडिट करताना आवाज मी खालीच टाकतो.”

पस्तीस वर्षं तो गाणारणींचे आवाज खालीच टाकत आला आणि चौदा वर्षं मी ते झाडत आले. हातांना काय कळणार, की हा एक वेगळा आहे?

“आत्ताच जाऊन सांग त्यांना,” मी म्हटलं.

“उद्या सांगतो. आधी लोकांना नाचताना बघू दे. निदान तेवढं तरी.”

हा शुद्ध भित्रेपणा होता आणि मी तो चालवून घेतला, कारण मीही भ्यायले होते.

रविवारी बाई गडद निळा पोशाख आणि लांब कानातले घालून आल्या. पहिल्या रांगेतली खुर्ची धरली, मला शेजारी बसवून घेतलं. दादानं मशीन सुरू केलं. खोटं का बोलू, असं एडिट त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. बास सुरू झाला आणि हॉल उठलाच. बाईंनी माझा हात धरला. “हा,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “हा माझा नवरा.” त्यांचा पाय ताल धरत होता, डोळे भरून आले होते.

मग त्या वाट बघायला लागल्या. मला कळत होतं त्या कशाची वाट बघतायत. एक कडवं होईल एवढा वेळ गेला. त्या पुढे सरकून बसल्या, ओठ उघडले, आता येणार म्हणून. पुन्हा ड्रम. मिनिट गेलं, दोन गेली. लोक शिट्ट्या मारत होते. आणि मधूनमधून, दर चौथ्या ठोक्याला, ‘हह्’ असा एक छोटासा हुंकार येत होता. दादाला तो तालात बसतो म्हणून आवडला होता.

“तो माझा श्वास आहे,” बाई म्हणाल्या. “गाण्याच्या आधीचा.”

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा मशीन सोडून आमच्यापुढे येऊन उभा राहिला, हात पॅंटला पुसत.

“तुमचा आवाज मी कापून वेगळा ठेवला होता,” तो म्हणाला. “परत जोडणार होतो. ते तुकडे माझ्याकडून कचऱ्यात गेले. गेले ते गेलेच. मला माफ करा.”

माझ्याकडून, असं म्हणाला तो. मी तोंड उघडलं. दवाखान्यात अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा नंबर पुकारणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी त्याला ते स्वतःवर घेऊ दिलं.

बाई रडल्या नाहीत, ओरडायला तर त्यांच्याकडे आवाजच नव्हता. बराच वेळ त्या मांडीवरच्या पर्सचा बंद गुंडाळत बसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही त्याच घरात असता. तुम्ही ऐकलंत ना ते गाणं?”

“हो,” मी म्हटलं.

“शेवटी मी एकदम वर जाते. तिथे माझा आवाज फाटतो का हो? बँडमधले म्हणायचे फाटत नाही, पण ते आपले लोक. कंपनीनं गाणं नाकारलं ते त्यामुळेच, असं मला जन्मभर वाटत आलंय. तेवढं एकदा ऐकायचं होतं.”

मी एक सूरही ऐकलेला नव्हता. दार लावून टीव्ही बघत होते.

“छे! कुठे फाटतो?” मी म्हटलं. “अगदी स्वच्छ जातो.”

त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वर्षांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात दादानं मशीन या हातातून त्या हातात घेतलं.

“फाटत होता,” मग तो म्हणाला. “पण तिथे अंगावर काटा यायचा गं. अख्ख्या गाण्यात आवाज म्हणून मला तेवढाच आवडला होता.”

“मग तो तरी ठेवायचास!”

“नाचताना माणूस थांबला असता तिथे,” दादा म्हणाला.

त्यानं अजून ब्लेड हातात घेतलेलं नाही. बाईंना जाऊन खरं सांगायचं मी दर आठवड्याला ठरवते. चादरी घेऊन जाते. दुकानात गिऱ्हाईक असलं की त्या मला पुढे ओढतात. “मी गायचे,” त्या कुजबुजत सांगतात. “वरचा सूर अगदी स्वच्छ. यांना विचारा, यांनी ऐकलाय.” गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, आणि मी मान हलवते.