काकाजींचा ठिपका

मी आज जो काही शिकलो आहे तो आमच्या शेजारच्या काकाजींमुळे. आणि ज्याला काकाजी ओळखत नाहीत तो माणूस अजून भिलाईत आलेलाच नाही. बाबा प्लांटमध्ये पाळीवर असायचे आणि कॉलेजचा रस्ता घरात कोणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा मला स्कूटरवर बसवून प्रवेशाला नेलं ते काकाजींनी. सुपेल्याचा चौक ओलांडायला त्यांना तास लागे, कारण भाजीवाल्यापासून वेल्डिंगवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी व्हायची. एकदा हेल्मेट नाही म्हणून शिपायाने अडवलं. काकाजींनी त्याचं गाव विचारलं, त्याच्या आईचं माहेर विचारलं आणि ते तिरोड्याचं निघताच त्याला आपला भाचा करून टाकलं. भाच्याने मामाला चहा पाजला आणि चालानही फाडलं. "ड्युटीचा पक्का आहे, आपल्याच घरचा," असं ते पुढे कितीतरी दिवस कौतुकाने सांगत होते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी माणसांच्या संबंधांच्या जाळ्याचा अभ्यास घेतला. अडचणीत कोण कोणाकडे जातं हे घरोघर विचारायचं, प्रत्येक माणसाचा ठिपका काढायचा, ठिपके रेषांनी जोडायचे आणि स्मार्ट शहरात मदत केंद्र कुठे हवं ते त्यावरून ठरवायचं. "स्मार्ट कावून करून राहिले बे? आता का बुद्धू आहे आपलं शहर?" असं विचारत काकाजी माझ्याआधीच चपला घालून निघाले. त्यांच्यामुळे एकही दार बंद राहिलं नाही. चहा येई, पोहे येत, आणि मी प्रश्न विचारला की घरचे काकाजींकडे बघून म्हणत, "आमाले यांच्याशिवाय कोण आहे जी?" समोर चहा पीत बसलेल्या पाहुण्याला सोडून दुसऱ्याचं नाव घेणं आमच्याकडे शोभत नाही.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी नकाशा पाहिला. मधोमध काकाजी आणि चहूकडे रेषा. "हे जाळं आहे की सूर्य?" त्या म्हणाल्या. "पुन्हा जा, एकटा. नाहीतर प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

हे सांगायला गेलो तर काकाजी अंगणात तयार उभे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मी तुह्या अभ्यासात आडवा येऊन राहिलो." मग चपला काढल्या. "जा. कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकते फक्त, भिऊ नको. अन् नवीन नकाशात मी केवढा दिसतो, ते सांगजो."

नवीन नकाशा मान्य झाला, मला पदवी मिळाली. काकाजी मात्र त्याआधीच प्लांटमधून रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून काकूंसह गोंदियाकडच्या गावी गेले. परवा फोनवर त्यांनी विचारलंच, "माह्या ठिपक्याचं का झालं बे?" ते फोनवर सांगवेना, म्हणून पत्र लिहिलं.

"तीर्थरूप काकाजींना साष्टांग नमस्कार. तुमचा ठिपका अगदी बारीक आहे. दुखणं असो, भांडण असो, पोरीचं लग्न असो, गल्लीने नाव घेतलं ते काकूंचं. मदत केंद्र काकू बसायच्या त्या तुमच्या ओसरीतच हवं, असंच माझ्या प्रबंधातून निघतं. पण आता तिथे नवे लोक राहायला आलेत आणि त्यांना अजून कोणी ओळखत नाही. एक सांगतो. प्रश्न विचारत फिरणाऱ्याचं स्वतःचं उत्तर नकाशात धरत नाहीत. मला कोणी विचारलं असतं तर मी तुमचंच नाव सांगितलं असतं, आणि त्या दुसऱ्या फेरीत तर तुम्ही समोरही नव्हता."