चक्कर असेतोवरचा मुक्काम

बातमी आली तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मनीषाला, म्हणजे माझ्या सुनेला, तिच्या चुलतभावाचा फोन आला. ती नुसती ‘हं, हं’ करत ऐकत राहिली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. “माय गेली,” एवढंच म्हणाली. मी दाराची चौकट धरली. अमोल, माझा मुलगा, आतून धावत आला, त्यानं मला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि “आई, डोळे मीट, मान हलवू नको” असं सांगत राहिला. त्याला वाटलं, मला पुन्हा चक्कर आली. तिकडे त्याची बायको आई गेल्याची बातमी घेऊन एकटी उभी, आणि हा माझी मान धरून बसलेला... मीच म्हटलं, अरे बाबा, मला काही झालेलं नाही, तिच्याजवळ जा.

त्याला आता महिना उलटून गेला. घर रुळावर आलंय असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. सकाळी डबे भरले जातात, दोघं शेंद्र्याला आपापल्या कंपनीत जातात, माझी नात ओवी घरभर धावते आणि मी तिच्यामागे. पण मी दमलेय. कामानं नाही, कारण काम पूर्वीइतकंच आहे. दुपारी ओवी झोपली की मी पलंगावर टेकते आणि उठावंसंच वाटत नाही. म्हटलं, लिहून बघावं.

गयाबाई माझ्या विहीणबाई. विहीण हे नातं आपल्याकडे फार अवघडलेलं. साडीचोळी, मानपान, पंगतीत पाट कुठं मांडला, पुरणावर तूप किती पडलं, सगळ्याला अर्थ. समोरासमोर गोड बोलायचं आणि पाठ वळली की नावं ठेवायची. आमचं तर आणखी अवघड, कारण लग्न मुलांनी आपसांत ठरवलेलं. आमची बिडकीनकडची शेती, घराण्याचा ताठा. त्यांचं सिल्लोडकडचं मेंढरं राखणारं घर. आमच्याकडच्या बायकांनी नाकं मुरडली, आणि माझं नाक तरी कुठं सरळ होतं. मानाची म्हणून गयाबाईंनी मला घोंगडी दिली तेव्हा माझ्या जावा पदराआड हसल्या. गयाबाईंनी ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, “आमचीच लोकर हाय. आधी टोचंल जरा, मग न्हाय टोचायची.” त्यानंतर वर्षभर आम्ही सणावारी फोनवर तब्येतीची चौकशी करण्यापलीकडे गेलो नाही.

मग ओवी झाली. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. मनीषाची रजा संपली की नात मी सांभाळायची हे ठरलेलं होतं, आणि अमोलचे वडील गेल्यापासून मी एवढी कशाचीच वाट बघितली नव्हती. मनीषा माहेराहून बाळाला घेऊन आली, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी मी कुशीवर वळले तर खोलीच वळली. पंखा बंद होता आणि छत गरागरा फिरत होतं. पलंगाची कड घट्ट धरली, ओकारी झाली, आणि मी, आयुष्यभर वर्गात ताठ उभी राहिलेली बाई, रांगत मोरीपर्यंत गेले. ज्यांना ही चक्कर माहीत नाही त्यांना वाटतं, डोळ्यांपुढं अंधारी येते तसंच काहीतरी असेल. अंधारी आली तर माणूस निदान खाली बसतो. हिच्यात बसायलासुद्धा जागा राहत नाही.

शेजारणींनी पित्त ठरवलं, दिरांनी बीपी, कुणी मानेचा पट्टा आणून दिला. शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागचे सरकले की असं होतं. त्यांनी मला आडवं करून मान एकीकडून दुसरीकडे वळवली. पहिल्यांदा जग उलटंपालटं झालं, मग मोठी चक्कर खरंच ओसरली. पण मागं राहिली ती डगमग. चालताना जमीन मऊ लागायची. आणि भीती तर विचारूच नका. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले आणि बजावलं, ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला वळायचं, पडून राहायचं नाही. मी घरी येऊन पडून राहिले. अमोलनं मोरीत खुर्ची ठेवली, माझा दंड धरून मला फिरवलं, आणि हळूच सांगितलं, “आई, ओवीला मात्र उचलू नकोस.” त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. पोर शेजारच्या खोलीत रडायची आणि मी उशीखाली हात घालून ऐकत पडायची. तिला आजीच्या अंगाची ओळखच होणार नाही की काय, या विचारानं मला रडू यायचं, आणि रडलं की पुन्हा फिरायचं.

अशात गयाबाई आल्या. “तुमचं बरं होईस्तोवर,” म्हणाल्या. सोबत बाजरीचं पीठ, तूप आणि एक बोचकं. माझी लाज विचारू नका. विहिणीपुढं मी गबाळ्या गाऊनमध्ये, उशाशी बादली. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “इहीणबाई, डोळं नाचायलेत तुमचं. आमच्यात मेंढरू असंच गोल गोल फिरतं.”

“मग काय करता त्याला?” मी विचारलं.

“इकतो. पर तुमाला कोन घेणार?”

कित्येक दिवसांनी मी हसले, आणि हसताना पलंगाची कड सोडली.

त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. दुपारी घोरायच्या, शहरातल्या दुधाला रोज शिव्या द्यायच्या, मिश्रीची बोटं पडद्याला पुसायच्या. पण डॉक्टरीणबाईंचं सांगणं त्यांनी मनीषाकडून एकदा समजून घेतलं आणि मग मला सोडलं नाही. पलंगाच्या कडेवर बसून धाडकन कुशीवर पडायचं, फिरणं थांबेपर्यंत तसंच राहायचं, मग उठायचं. मी टाळाटाळ करायची. त्या ओवीला मांडीत घेऊन समोर जमिनीवर बसायच्या आणि म्हणायच्या, “पडा.” मान न हलवता नजर अंगठ्यामागे फिरवायची हा दुसरा व्यायाम. अंगठ्याच्या जागी त्यांनी ओवीलाच धरलं. तिला उचलून डावीकडं न्यायच्या, उजवीकडं न्यायच्या, “आजीकडं बघ गं, आजी कुठं बघायली?” पोर खिदळायची. चक्कर यायची, ओठ कोरडे पडायचे, पण त्या हसऱ्या तोंडावरून नजर काढवत नसे... मग गच्चीवरच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या शेजारून चालायच्या, पण दंड धरायच्या नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, तुम्हाला धरायला काय होतं? तर म्हणाल्या, “मी धरलं तर मी चालंन. तुमी कवा चालनार?”

एक दिवस मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. गयाबाईंनी ओवीला माझ्या हातांत दिलं, आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, घ्या हिला. पण त्या बघतच नव्हत्या. नळ चालू, भांड्यांचा आवाज, आणि माझ्या खांद्यावर ते ऊबदार ओझं. जमीन जागेवर राहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी पदराला हात पुसत वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि मला वाटलं, ते माझ्या आनंदानं.

ते तेवढंच नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या बोचकं आवरायला बसल्या होत्या. मी म्हटलं, राहा की अजून. त्या हसल्या. “लेकीच्या सासरी कारन असंल तवर पाव्हनी, कारन सरलं की लोकं तोंडं वाकडी करत्यात. मला लई ऱ्हावं वाटतंय, खोटं कशाला बोलू? हितं लेक दिसती, नात दिसती. तिकडं तर मेंढरंच. पर तुमी बऱ्या झाल्या ना आता.” म्हणजे या बाईनं इतके दिवस रोज जे केलं, त्यानं तिचाच इथला मुक्काम संपत होता, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी तशीच खुर्चीवर बसले, कपाळाला हात लावला आणि म्हटलं, “विहीणबाई, फिरतंय हो जरा.” शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तीस वर्षं मुलांची नाटकं बसवली, पण स्वतः इतका वाईट अभिनय केला नसेल. गयाबाई जवळ आल्या. वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं. खऱ्या चकरेत डोळे नाचतात, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं होतं? “डोळं तर थाऱ्यावर हायेत,” त्या हळूच म्हणाल्या. मी कपाळावरचा हात काढला नाही. त्यांनी वळून बोचक्याची गाठ सोडली आणि लुगडी परत कपाटात ठेवली. “पडून ऱ्हावा मग,” म्हणाल्या, “च्या आनते.”

ते दिवस फार चांगले गेले. सिल्लोडहून इवाईंचा, म्हणजे गयाबाईंच्या नवऱ्याचा, फोन आला, कधी येतेस म्हणून, की गयाबाई मोठ्यानं सांगायच्या, “कशी यिऊ? इहीणबाईंचं डोकं फिरायलंय.” आणि मी पलीकडे ओवीला खांद्यावर घेऊन उभी. अमोल काळजीनं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे चल म्हणायचा, तेव्हा मी म्हणायची, हे असं हळूहळूच जातं. ओवीचं जावळ झालं, ती बसायला लागली, भिंतीला धरून उभी राहिली. ते सगळं दोन्ही आज्यांनी मिळून पाहिलं. वेरूळला गेलो तेव्हा तर मी पायऱ्या चढून लेणी बघून आले आणि माझी सांभाळकरीण गुडघे चोळत खाली बसलेली... येताना गाडीत आठवण झाल्यावर मी घाईघाईनं डोकं टेकवून डोळे मिटले.

शेवटी इवाईच न्यायला आले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चराईला निघायचं होतं, माणूस कमी पडत होतं. त्यांच्यासमोर मला नाटक जमलं नाही. तो थकलेला माणूस, त्याला तरी कोण होतं? रिक्षात बसताना गयाबाईंनी ओवीचा मुका घेतला आणि मला म्हणाल्या, “आता चक्कर यिऊ दिऊ नका. खरी बी नगं न् खोटी बी नगं.” त्यानंतर त्या दिसल्या त्या उन्हाळ्यात, अंगणात आडव्या, लेकीनं तोंडावरून हात फिरवताना. रानातून येऊन पाणी पिऊन टेकल्या, त्या उठल्याच नाहीत म्हणे. भर उन्हात मी तिथं शेवटपर्यंत उभी होते. जरासुद्धा फिरलं नाही. फिरलं असतं तर बरं, असं वाटण्याइतकी ती जमीन घट्ट होती.

आणि परवा आली. खरी. संध्याकाळी खालच्या फळीवरचा डबा काढायला वाकले, वर बघितलं, आणि ओटा, खिडकी, नळ, सगळं एका बाजूला वाहत गेलं. मी फरशीवर बसले. मनीषा कणीक मळत होती. तिनं अमोलला हाक मारली नाही, मला धरायलाही धावली नाही. हात तसेच पिठाचे ठेवून माझ्यासमोर येऊन बसली, आणि विचारलं, “आई, खरी आहे का खोटी?”

म्हणजे हिला माहीत होतं. मला वाटलं होतं, ते आम्हा दोघींतच आहे. इतके दिवस ही रोज संध्याकाळी कंपनीतून येऊन “आज कसं आहे?” विचारायची, आणि मी “फिरतंय गं” म्हटलं की मान हलवून आईच्या शेजारी जेवायला बसायची.

“खरी आहे गं,” मी म्हटलं.

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं.

“खोटी पाहिजे होती,” ती म्हणाली.